ताशी मजुरीचा रकाना

पुढील हकिकती मी नितीन जगतापकडून ऐकल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार होता आणि आम्ही संस्थेच्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो. मजुरीच्या सर्वेक्षणात आकड्यांपेक्षा किस्से अधिक जमतात. किस्स्यांना कोष्टकात जागा नसल्यामुळे ते चहाबरोबर बाहेर पडतात.

राज्यातील वस्तू-उत्पादक उद्योगांत कामगारांची ताशी मजुरी वाढते आहे की घटते, हे आमच्या संस्थेला तपासायचे होते. पुण्यातील छोटे कारखाने नितीनकडे होते. त्याची नेमणूक कंत्राटी होती. प्रकल्पप्रमुख देवधर मॅडम यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "ताशी मजुरीचा रकाना रिकामा राहिला, तर तुमची मुदत वाढणार नाही." नितीनचे लग्न ठरले होते आणि भावी सासऱ्यांना तो कंत्राटी असल्याचे ठाऊक नव्हते.

*

सुरुवात बिबवेवाडीतील पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात झाली. गणपती जवळ आले होते. नितीनने एका कामगाराला अदबीने विचारले, "आपल्याला ताशी किती मिळतात?"

"ताशाचं मला विचारू नका, मी ढोलवाला आहे."

"ताशा नव्हे हो, तास."

"तासाचं आमच्या पथकात कोण घेतच नाही. मिरवणूक संपेपर्यंत वाजवायचं."

*

वारज्याला गावातल्याच एका जमीनमालकाने लोखंडी ग्रिलची शेड टाकली होती. कामगार किती तास काम करतात, असे नितीनने त्यांना विचारले.

"तास काय मोजायचं त्यात? काम हाय तवर काम."

"आणि काम संपतं कधी?"

"संपलं तर शेड कशाला ठिऊ?"

रकाना रिकामाच राहिला.

*

कर्वेनगरमध्ये प्रयोगशाळेची उपकरणे बनवणारे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी नितीनला दारातच थांबवले.

"आपण कामगारांशी किती वेळ बोलणार?"

"अर्धा तास, सर."

"म्हणजे अर्धा तास काम बंद, पगार तेवढाच. आपण नुसते आलात आणि ताशी मजुरी वाढली. रोज येत जा, कामगारांचं भलं होईल."

नितीनच्या मते त्या कारखान्यात मजुरीचा कल निश्चितपणे चढता होता. कारण मात्र अहवालात लिहिण्याजोगे नव्हते.

*

मुदत संपत आली, तेव्हा तो पुन्हा बिबवेवाडीला गेला. गुरुवार होता. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती, त्यामुळे यंत्रेही बंद होती. कामगार खोक्यांवर बसून गप्पा मारत होते, पण मालक परांजपे यांनी सर्वांची पूर्ण हजेरी धरली होती. काम शून्य तास, मजुरी पूर्ण. नितीनने भागाकार केला आणि रकान्यात लिहिले, 'अनंत'.

(शून्याने केलेला भागाकार अव्याख्येय असतो, अनंत नव्हे. हे मी त्याला कॅन्टीनमध्येच सांगितले. तो म्हणाला, "अव्याख्येय लिहून मुदत वाढते का?")

टंकलेखकाने तो शब्द वाचला आणि चुकीच्या जागी पडलेले नाव समजून कामगाराच्या नावाच्या रकान्यात नेऊन ठेवला. आठवड्याभरात वरिष्ठ कार्यालयातून फोन आला. देवधर मॅडमनी रिसीव्हरवर हात ठेवून विचारले, "जगताप, तुमच्या या अनंताला आडनाव आहे का?"

"नाही, मॅडम."

मॅडम फोनवर थोडे बोलल्या आणि त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. "त्यांना अनंताची पूर्ण माहिती हवी आहे. ती मिळेपर्यंत तुमची मुदत वाढवली आहे."

लग्न ठरल्या तारखेला झाले.

*

त्यानंतर नितीन परांजप्यांकडे गेला. कर्तव्य म्हणून त्याने विचारले, "आपल्याकडे अनंत नावाचे कोणी कामाला आहेत का?"

परांजप्यांनी मान वर केली नाही. "आहे की. पण तो वीज नसेल त्याच गुरुवारी येतो."

एवढाच भाग मला कधी पडताळून पाहता आला नाही. त्यासाठी मी स्वतः दोन गुरुवारी बिबवेवाडीला जाऊन आलो. दोन्ही वेळा वीज होती.