चुणीच्या आतला जोड

माझ्या सायकलच्या हँडलला एक कापडी पिशवी लटकलेली असते. निम्मी निळी, निम्मी जवळजवळ काळी. परवा कॉलेजात एका मुलीने ती दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाली, "लहानपणी तुम्हा लोकांचे फार हाल झाले असतील, नाही?" मला उत्तर सुचायला वेळ लागतो, आणि सुचलं तरी तोंडाने सांगता येत नाही. म्हणून लिहिते.

आमचे हाल झाले नाहीत. घरात पैसे होते, फक्त ते आईने आधीच खर्चून टाकलेले असायचे. दर जूनला माझ्या शाळेची फी भरायची आणि वर्षभर ती घराच्या कानाकोपऱ्यातून परत गोळा करायची, असा तिचा हिशोब होता. मी इंग्रजी शाळेत जावं हे तिनेच ठरवलं होतं. ती स्वतः वैराग गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. वडील एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते. त्यांनी एकदा विचारलं होतं, "झेपंल का?" आई म्हणाली, "झेपवायचं आपल्याला हाय, शाळंला न्हाय." विषय तिथेच संपला.

भवानी पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर व्हायचा. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवतीने लाकडाचा भुसा ठासून भरायचा आणि मग बाटली गोल फिरवत अलगद ओढून काढायची. तिच्या जागी जे भोक राहतं त्यातून विस्तव वर येतो. भुसा ठासायचं काम माझ्याकडे होतं. सैल ठासला तर शेगडी मधेच ढासळते, आणि मग वरण अर्धं कच्चं राहतं. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला हे येत नव्हतं. मी ते कुणाला सांगितलं नाही, पण मला येतं हे मला माहीत होतं.

भाताची पेज फेकली जात नसे. आईची सुती पातळं आणि माझा स्कर्ट तिच्यात बुडून निघायचे. वडिलांच्या सदऱ्याची कॉलर विरली की आई ती उसवायची, उलटी करून पुन्हा लावायची, आणि सदरा आणखी एक-दोन वर्षं पेढीवर जायचा. साबणाच्या चिपा जुन्या पायमोज्यात साठायच्या. पातळ जुनं झालं की त्याचा पडदा व्हायचा, पडद्याचे अभ्रे, अभ्र्याचं पायपुसणं, पायपुसण्याचं पोतेरं. पोतेरंही फाटलं की त्याची चिंधी रॉकेलमध्ये बुडवून शेगडी पेटवायला. आमच्या घरात आलेलं कापड राख झाल्याशिवाय बाहेर पडत नसे.

हे सगळं आई कपाळावर आठी न घालता करायची. उलट एखादी वस्तू पुरून उरली की तिच्या चेहऱ्यावर पत्त्यांचा डाव जिंकल्यासारखं हसू यायचं.

आता स्कर्टविषयी. शाळेचा गणवेश ठरलेल्या दुकानातूनच घ्यायचा असा नियम होता. आईने दुकानात जाऊन कापड बघितलं, दोन बोटांत चोळलं, भाव विचारला आणि बाहेर आली. मग आम्ही बाजारात कटपीसवाल्याकडे गेलो. गिरणीतून उरलेले, डाग पडलेले, विणीत चुकलेले तुकडे त्याच्याकडे वजनावर मिळत. आई ढिगाजवळ बैठक मारून बसली.

"मावशी, किती उलथापालथ करताय? घ्यायचं का न्हाय?" कटपीसवाला वैतागला.

"थांब की बाबा. गिरणीवाल्यानं डोळं झाकून इणलंय, मला तरी उघडं ठेवू दे की."

शेवटी तिला एकसारख्या निळ्या रंगाचे दोन तुकडे सापडले. एका तुकड्यात स्कर्ट होत नव्हता, दोन्ही जोडले की होत होता. स्कर्टला रुंद चुण्या असायच्या, एकीवर एक घडी घातलेल्या. आईने सगळे जोड नेमके त्या घड्यांच्या आत घेतले, एक तुकडा घडीत दडेल आणि दुसराच वर दिसेल असे. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. चुण्या मिटलेल्या असल्या म्हणजे झालं.

चुण्या मिटलेल्या ठेवायच्या म्हणून आईने मला चालायला शिकवलं. "पाऊल ल्हान टाक. बसताना मागनं हात फिरव. जिन्यावरनं पळू नको. वारं सुटलं तर दप्तर म्होरं धर." मी तसं करत गेले. शाळेत वर्गाच्या मिस इतर मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, बघा, मुलीने असं चालावं. मला सगळे लाजाळू म्हणत. लाजाळू मी होतेच. पण माझी अर्धी लाज त्या चुण्यांच्या आत शिवलेली होती.

चूक झाली ती एकच. दोन तुकड्यांतला एक सुती होता आणि दुसरा टेरिकॉट, कृत्रिम धागा मिसळलेला. चोळून कापड ओळखण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण टेरिकॉट तेव्हा आमच्याकडे नवंच होतं. काही महिन्यांच्या धुण्यात सुती भाग फिका पडत गेला, टेरिकॉट जसाच्या तसा निळा राहिला. आईने निळ्या रंगाची पुडी आणली, पातेल्यात पाणी उकळलं आणि स्कर्ट त्यात बुडवला. सुती कापड तो रंग घटाघटा प्यायलं. टेरिकॉटने जेमतेम थेंबभर घेतला. आधी जो भाग फिका होता तो आता दुसऱ्यापेक्षा गडद झाला, जवळजवळ काळा.

आई ओला स्कर्ट हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो आमच्या नणंदबाईवानी झाला. एका बाजूनं गोड, दुसऱ्या बाजूनं इचारूच नको." वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तरीही सुती तुकडा घड्यांच्या आतला असल्याने चुण्या मिटलेल्या असल्या की बाहेर फक्त निळा दिसायचा. मी आणखी लहान पाऊल टाकू लागले.

त्या वर्षी शाळेच्या वार्षिक समारंभात मुलींचं लेझीम ठेवलं. पाहुण्यांना काहीतरी देशी दाखवायचं होतं. वर्गातल्या बहुतेक मुलींनी लेझीम हातात धरलं नव्हतं. मला येत होतं. गणपतीच्या आधी आमच्या गल्लीत पोरं लेझमाची तालीम करायची, ती मी खिडकीतून बघायची आणि स्वयंपाकघरात सांडशी हातात घेऊन तोच ठेका धरायची. आई ओरडायची, "अगं, सांडशीचा खिळा ढिला हुईल!" पण थांबवायची नाही. ड्रिलच्या सरांनी मला एकदा खेळताना पाहिलं आणि पुढच्या रांगेत मधोमध उभं केलं. बाकीच्या मुलींना माझ्याकडे बघून पाय टाकायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझ्याकडे बघत होते आणि मला लपावंसं वाटत नव्हतं.

सरावात मी घरची सलवार-कमीज घालायची. गणवेशातली तालीम समारंभाच्या आदल्या दिवशी झाली. लेझमात एक बैठक असते. गुडघे बाहेर काढून, पाठ ताठ ठेवून जवळजवळ जमिनीपर्यंत खाली जायचं आणि उसळून वर यायचं. मी खाली बसले आणि चुण्या पंख्यासारख्या उघडल्या.

मिसनी सरांना शिट्टी वाजवायला लावली. जवळ येऊन त्यांनी माझ्या स्कर्टची एक चुणी पेन्सिलच्या टोकाने उचलली. हाताने नाही, पेन्सिलने.

"व्हॉट इज धिस?"

मी काही बोलले नाही.

"उद्यापर्यंत नवा स्कर्ट. नसेल तर शेवटच्या रांगेत. समोर पाहुणे बसणार आहेत."

घरी येऊन मी आईला जसंच्या तसं सांगितलं. आई उठली, तांदळाच्या डब्यामागून फीच्या पैशांची पुरचुंडी काढली आणि पायात चपला घालू लागली. "चल. दुकान उघडं आसंल."

त्या पुरचुंडीकडे मी सहा महिने बघत होते. तिच्यात उलट्या कॉलरी होत्या, भुसा होता, न घेतलेल्या रिक्षा होत्या. ती एका पेन्सिलच्या टोकासाठी सुटणार होती.

"नको," मी म्हणाले.

"अगं, म्होरची जागा तुझी हाय. तू शिकवलंस की त्या पोरींना."

"नको म्हटलं ना! मी मागे उभी राहीन. त्या पैशाला हात लावायचा नाही."

इतक्या मोठ्याने मी घरात कधी बोलले नव्हते. वडिलांनी वर्तमानपत्र खाली केलं. आई चपला काढून पुन्हा आत आली. पुरचुंडी तिने परत डब्यामागे ठेवली. मग सुईदोरा घेऊन तिने स्कर्ट मांडीवर ओढला आणि एकेक चुणी खालपर्यंत टाचायला लागली. "मागं तर मागं. पर कुनाला दावायचं न्हाय. आता कितीबी बस, उघडायची न्हाय."

उघडायची नाही हे खरं होतं. पण त्या टाचलेल्या स्कर्टात मला पुरतं बसताही येत नव्हतं. सकाळी अंगात घालून मी गुडघे वाकवले आणि अर्ध्यावर अडकले. बैठकीशिवाय लेझीम म्हणजे नुसता खुळखुळा. तरी तसाच घालून मी शाळेत गेले.

शाळेच्या मैदानात एका बाजूला मांडव घातला होता. तिथे खुर्च्या, पाहुणे, हार. समोरच्या बाजूला जमिनीवर सतरंज्या अंथरल्या होत्या, तिथे पालक. मिसना पाहुण्यांपासून शेवटची वाटणारी माझी रांग पालकांच्या मात्र अगदी पुढ्यात होती. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही मैदानाच्या कडेला रांगेत उभी राहीपर्यंत आलं नाही. मी मान वळवून पाहिलं तर आई पहिल्याच सतरंजीवर बसलेली, डोक्यावरून पदर, पेज दिलेलं पातळ.

आमचा नंबर यायला अजून दोन कार्यक्रम होते. मी पाण्याच्या पिंपामागे गेले. केसांतला आकडा काढला आणि टाके उसवायला लागले. आईचे टाके बारीक होते, सहज निघेनात. एक चुणी, दुसरी, तिसरी. मला आठवतंय, मी मनात पेन्सिलला शिव्या देत होते. मला येत असलेल्या सगळ्या मराठी शिव्या. शाळेने त्यातली एकही शिकवली नव्हती.

हलगी सुरू झाली. लेझमात एक चाल आहे, तिला दोन रुख म्हणतात. अर्धे ठेके एका दिशेला तोंड करून, मग सगळ्यांनी गर्रकन वळून उरलेले दुसऱ्या दिशेला. आम्ही वळलो आणि मी एकदम पहिल्या रांगेत आले, पालकांसमोर. बैठकीचा ठेका पडला. मी खाली गेले, जमिनीपर्यंत, पाठ ताठ ठेवून. चुण्या सगळ्या उघडल्या. निळा, काळा, निळा, काळा. मी मान खाली घातली नाही. आईकडे बघत वर उसळले आणि पुन्हा खाली गेले. आईचा हात पदराकडे गेला, तोंड झाकायला असेल, आणि मधेच थांबला.

मिस नंतर मला काही बोलल्या नाहीत. बहुतेक पाहुण्यांनी लेझमाचं कौतुक केलं असावं. 

घरी आम्ही नेहमीसारखं चालत निघालो. मी मोठी पावलं टाकत होते आणि आईने हटकलं नाही. चौपाडाच्या पुढे आल्यावर म्हणाली, "माझ्या शेजारच्या बाई इचारत हुत्या, दोन रंगाचं कापड कुठं मिळालं म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"मिळालं न्हाय, जोडलंय म्हणलं. म्या जोडलंय." मग माझ्या स्कर्टकडे बघून, "आन् टाकं कुनी उसवलं?"

"मी."

"व्हय का?" आईने हात पुढे केला. "दोरा कुठाय?"

मी खिशातून आकडा काढला. दोरा त्याला नीट गुंडाळून ठेवलेला होता.