मागं पदर धर गं!

लोहा गावात अळूच्या पानाकडं वड्या सोडून दुसऱ्या नजरेनं बघणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या नशिबी आला. आमचे दाजी! मुलीनं मोबाइल घेऊन दिला आणि या गृहस्थांना परसातल्या गवती चहापासून कोरफडीपर्यंत जिथंतिथं सौंदर्य दिसायला लागलं. दोडक्याच्या वेलानं तारेला कशी मिठी मारलीय हे बघत उकिडवे बसतात. चहा गार होतो तो वेगळाच. एकदा मी लातूरहून गेलो, तर कढीपत्ता तोडू देईनात. "थांबा मेव्हणे, ऊन पानातून यायलंय!" तोवर आक्काची फोडणी जळाली. दिवेलागणीनंतर मात्र मोबाइल खिशात. 'झाडं झोपलीत' हे आक्काचं म्हणणं त्यांनी इतकं मनावर घेतलंय, की फ्लॅशसुद्धा मारत नाहीत.

या कलेचा खरा भार आक्कावर. पानामागं बादल्या, पत्रे, वाळत घातलेले बनियन दिसू नयेत म्हणून हाक यायची, "मागं पदर धर गं! आन् हलू नको!" बिचारी पिठाच्या हातानं पदर पसरून उभी राहायची.

मग तिच्या एकसष्टीला भाचीनं फ्लेक्ससाठी आईचा फोटो मागितला आणि एकही निघेना. आक्का भडकली. "फुटक्या कुंडीचे धा फोटो हायेत, माझा एक न्हाई! मी मेल्यावर भिंतीवर अळूच टांगा!" आणि अबोलाच धरला. मलाही दाजींचा राग आला. ते एवढंच म्हणाले, "फ्लेक्सचं मी बघतो."

कार्यक्रमाच्या सकाळी दारात फ्लेक्स लागला. वर आक्काचं नाव, खाली दवानं भरलेलं अळूचं पान! पाहुणे तोंड दाबून हसले. मी दाजींना झापणार, तेवढ्यात आक्का पुढं गेली. पानामागं हिरवं इरकल होतं. कडेला बांगड्या, पिठाची बोटं.

"हे तर आईनं दिलेलं लुगडं," ती हळूच म्हणाली. आई गेली, ते लुगडंही विरून गोधडीत गेलं.

"समदे फोटो तुझेच हायेत की," दाजी पुटपुटले, "पान आपलं मधी आलंय."

त्यांनी मोबाइल काढला. आक्कानं सवयीनं पदर पसरला.

"आगं, खाली कर तो! आता तूच."

फोटो हललेला आला. आक्कानं तोच ठेवून घेतलाय.