पालीची साक्ष

केर रोज काढला तरी रोज साठतो, तशाच या गोष्टी. नगरच्या एका जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात मी झाडलोट करते. लिहिणं मला येत न्हाई, हे नात लिहून घेतेय. पण तिथली पालन् पाल मी ओळखते. आन् साहेबांनी तर बजावूनच ठेवलेलं, "आजी, तपासणीला पुण्याची कमिटी येणार आहे. एक जरी पाल निघाली, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घरी!"

* * *

शिर्डी करून आलेले एक पाहुणे काचेच्या कपाटापुढं उभे. आत तलवार, काचेवर पाल. पाल हलेना, पाहुणेही हलेनात. शेवटी त्यांनी आमच्या वॉचमनला, भानुदासला विचारलं, "हिची पाटी कुठंय?"

"रंगवायला दिलीय."

तेवढ्यात पाल सरसर निघून गेली. पाहुणे बघतच राहिले.

भानुदास म्हणाला, "जेवायची सुट्टी."

* * *

झाकण मोडलेल्या एका चांदीच्या डबीत दोन पांढरे दाणे निघाले. साहेबांनी हातमोजे घालून कापसात ठेवले. "आजी, मोती!"

"थांबा वाईच," मी म्हटलं.

आठवड्यानं एका मोत्याला शेपूट फुटलं.

* * *

एकदा साहेबांच्या डोक्यावर पाल पडली. "मी असलं काही मानत नाही!" म्हणाले.

अंगावर कुठं पाल पडली की काय होतं, ते सांगणारी एक जुनी पोथी आमच्याकडं आहे. दुपारी साहेब तीच उघडून बसलेले. हातापायाची पानं धड. डोक्याचं पान कसरीनं खाल्लेलं!

मी म्हटलं, "त्या कपाटात पाल न्हवती, साहेब. पाल असली की कसर ऱ्हात न्हाई."

"तरी पाल नको."

* * *

बोलता बोलता पाल चुकचुकली, की बोललेलं खरं धरायचं. बोटानं तीनदा टकटक करून 'खरं, खरं, खरं' म्हणायचं. आमच्या आईपासूनची रीत.

भानुदास रोज उशिरा येऊन सांगायचा, "एस्टी बंद पडली, आजी." पाल गप.

एक दिवस म्हणाला, "झोपच लागली हुती गं." वरून लगेच चुक चुक! तवापासून तो कारण बाहेर व्हरांड्यातच सांगतो.

* * *

मग कमिटी आली. कमिटी म्हंजे एकच मॅडम. चष्मा, अंबाडा, हसायचं नाव न्हाई. आदल्या दिवशी मी झाडूनं समद्या पाली हाकलल्या. मारायला हात उठला न्हाई. एक तेवढी मोठ्या तसबिरीमागं शिरली, ती काय निघंना.

मॅडमनी कपाटं बघितली, पोथ्या उलगडल्या. मग त्याच तसबिरीखाली बसून कागद काढला.

"पाली वगैरे?"

साहेब ताठ उभे. "मॅडम, या इमारतीत एकही पाल नाही."

तसबिरीमागून आवाज आला, "चुक चुक चुक!"

मी झाडू पाठीमागं धरला. भानुदास छताकडं बघायला लागला.

मॅडमनी मान वर केली न्हाई. पेनानं टेबलावर तीनदा टकटक केलं, "खरं, खरं, खरं," म्हणाल्या, आन् सही ठोकली.