बाई, साहेब आणि जी

यशोधरा पहिल्यांदा गुरुजींच्या लक्षात आली ती चौथीच्या वर्गात. गुरुजी फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवायच्या आत तिचा हात वर असायचा. उत्तर बहुतेक वेळा बरोबर. चुकायचं तेव्हा कारण एकच, गणिताची शेवटची ओळ तिनं वाचलेलीच नसायची. "साळवे, जरा दम धर," गुरुजी म्हणायचे, आणि ती जीभ चावून वही पुढं ओढायची.

पुढं ती बी.कॉम. झाली आणि नेवाशात एका ट्रस्टच्या नेत्रविभागात कंत्राटी पदावर लागली. गावोगावच्या स्वयंसेविका डोळे तपासलेल्या म्हाताऱ्यांची नावं एक्सेलमध्ये पाठवत. नगरचं रुग्णालय ऑपरेशनला मंजूर झालेल्यांची दुसरी यादी पाठवी. दोन्ही जुळवून अहवाल आणि गाडीत बसवायच्या रुग्णांची यादी यशोधरानं करायची. पण ती जुळता जुळत नसे. एकीकडे चांगुणाबाई, तर दुसरीकडे नुसतं चांगुणा. एकीकडे भाऊसाहेब, दुसरीकडे भाऊ. संगणकाच्या लेखी ही सगळी निराळी माणसं. डोळे दुखेस्तोवर ती एकेक ओळ पाहत बसे.

मोबाईलवरचे व्हिडिओ बघून ती प्रोग्रामिंग शिकू लागली होती. फार जमत नव्हतं. शेवटी तिनं एआय सहायकाला सरळ मराठीत लिहिलं: नावांच्या शेवटचे बाई, ताई, साहेब, राव, जी काढून टाक, मग याद्या जुळव आणि अहवाल कर. त्यानं प्रोग्राम लिहून दिला, कुठली ओळ काय करते तेही समजावलं आणि खाली विचारलं, "नावं फक्त जुळवण्यापुरती अशी करू, की छापील यादीतही अशीच ठेवू?" तिची नजर शेवटच्या शब्दावर पडली. "ठेव," असं लिहून ती चहाला गेली.

परत आली तर अहवाल तयार. विभागप्रमुख सत्यशीला मॅडम खूश झाल्या. "कोणाकडून करून घेतलंस गं?"

"मीच केलं," यशोधरा म्हणाली. मंजूर झालेले सगळे यादीत आलेत, एवढं बघून तिनं कागद छापला. नावं वाचली नाहीत.

शिबिर होतं तिच्याच गावात, सोनईजवळ. समाजमंदिरापुढं मंडप घातला होता, नगरला जाणारी गाडी उभी होती. आवाज मोठा म्हणून ड्रायव्हर बजरंगच्या हातात माईक आणि यादी दिली होती.

"कडू!" बजरंगनं पुकारलं.

मंडपात हशा पिकला. "औषध वाटतोय का रं?" कोणीतरी ओरडलं. कडूबाई डोळ्यांपुढं हात धरून उठली. "बजरंग्या, मेल्या, तुझ्या आयशीच्या बरोबरीची हाय मी!"

"मावशे, हितं तसंच लिवलंय. भाऊ! भाऊ कोन हाय?"

"हितं समदेच भाऊ हायेत!"

पुन्हा हशा झाला. भाऊसाहेब मात्र न हसता उठले आणि कोणाकडं न बघता गाडीत जाऊन बसले. पुढच्या ओळीत बजरंग अडखळला. तिथं नावच नव्हतं, नुसतं आडनाव होतं. ताईबाईंच्या नावातलं बाई गेलं होतं, ताईही गेलं होतं. त्या आपल्या हाकेची वाट बघत तशाच बसून राहिल्या.

यशोधरा मागंच उभी होती. काय झालंय ते तिला कळलं होतं. बजरंगकडून माईक घेऊन ती म्हणाली, "माफ करा. कॉम्प्युटरची चूक झालीय." आणि माईक लगेच त्याला परत दिला.

"भिमा!" बजरंगनं पुकारलं. कोणी उठेना. "भिमा साळवे!"

भिमाजी साळवे पुढच्याच रांगेत बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. यशोधराचे ते चुलत आजोबा. जन्मभर गवंडीकाम केलं. दगडाची कपची उडून डावा डोळा तरुणपणीच गेला होता. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकला होता, आणि पुढची गाडी दिवाळीनंतर येणार होती.

"आजोबा, चला ना. डॉक्टर खोळंबलेत," यशोधरा जवळ येऊन म्हणाली.

"कुनाला बोलवत्यात?"

"तुम्हालाच."

"मला न्हाई. भिमाला बोलवत्यात." आवाज चढला नव्हता. "मला भिमा म्हननारे पाटलाच्या वाड्यावरचे. चिडले की भिम्या. ते समदे मेले. त्यातला कोन उठून आला का काय, तेच बघत बसलोय."

"कॉम्प्युटरनं..."

"कॉम्प्युटरला कुनी सांगितलं?"

बजरंगनं हॉर्न वाजवला. गाडी सुरू होती. आता गप्प राहिलं तरी खपून गेलं असतं. फार तर एक म्हातारा हट्टानं राहिला, एवढंच अहवालात लिहायचं. यशोधरा त्यांच्यापुढं जमिनीवर बसली.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "याद्या जुळंनात म्हणून जी काढ असं मीच लिहिलं. छापील यादीतही तशीच ठेवू का, असं त्यानं विचारलं होतं. मी नीट न वाचताच ठेव म्हटलं."

भिमाजी म्हणाले, "तुला जड झाला व्हय, आमचा जी?"

त्यांनी काठी ताईबाईंच्या दिशेनं केली.

"माजं एकल्याचं न्हाई. ती ताईबाई बघ. तिला तर तू नावच ठिवलं न्हाई. जा, समद्यांना पुन्ना हाक मार."

बजरंगनं गाडी बंद केली. यशोधरानं मोबाईलमध्ये स्वयंसेविकेची मूळ यादी उघडली आणि माईक घेतला. पहिली दोन नावं तिनं हळूच घेतली. "मोठ्यानं घे की!" गाडीच्या खिडकीतून कडूबाई ओरडली. "मगाशी तर समद्या गावानं ऐकलं!" ताईबाईंचं नाव घेताच त्या उठल्या, पदर सारखा केला आणि तिच्याकडं बघत बघत गाडीत चढल्या. भिमाजी सर्वांत शेवटी उठले. यशोधरानं आधाराला हात पुढं केला. तो त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सत्यशीला मॅडमना सगळं सांगितलं, प्रोग्राम स्वतः लिहिला नव्हता हेही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "एआयला विचारून केलंस याचं काही नाही. मला खोटं का सांगितलंस?" वरच्या कार्यालयाला गेलेला अहवाल तिनं मागे घेतला. सहायकाच्याच मदतीनं प्रोग्राम दुरुस्त केला. नावं आता फक्त जुळवताना तोडली जातात, छापताना पूर्ण येतात.

भिमाजींना उजव्या डोळ्यानं छान दिसू लागलं. वाटेत भेटली की ते लांबूनच तिला ओळखतात. पूर्वी यशे म्हणायचे, आता यशोधराताई म्हणतात. रागानं नाही, चेष्टेनंही नाही, आणि म्हणूनच तिला मान वर करवत नाही. एकदा तिनं विनवलं, "आजोबा, यशे म्हणा ना." "म्हनू की कधीतरी," ते म्हणाले आणि चालू लागले.

यशोधरा अजून त्याच विभागात आहे. शिबिराच्या सकाळी गाडीची यादी माईकवरून तीच वाचते.