गार असतानाच टाकायचा खडा

अख्ख्या जालना जिल्ह्यात कप फुटला की मनापासून आनंद होणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. मूळचे टेंभुर्णीचे, पण उभा जन्म जालना एमआयडीसीत गेला. चहूबाजूंनी लोखंडी सळयांचे कारखाने आणि मध्ये यांचा रंगात घालायचं थिनर बनवणारा छोटासा कारखाना. तिथल्या कोपऱ्यातल्या प्रयोगशाळेत हे वर्षानुवर्षं एकच काम करत आले आहेत. टँकरमधून आलेला द्रव काचेच्या चंबूत घ्यायचा, खालून सावकाश तापवायचा, वर थर्मामीटर लावायचा आणि तो किती अंशांवर उकळतो ते बघत बसायचं. आकडा ठरल्या जागी आला तर माल आत, नाही तर टँकर आला तसा माघारी. तापता द्रव एकदम उसळी मारून बाहेर येऊ नये म्हणून चंबूत चिनीमातीचे चार खडे टाकावे लागतात. खड्यांशी बारीक बुडबुडे धरतात आणि उकळी शिस्तीत येते. असे खडे बाजारात तयार मिळतात, कारखाना आणूनही देतो. साडूंचा त्यांच्यावर विश्वास नाही. त्यांना फुटक्या कपाचेच खडे लागतात.

त्यामुळे नातेवाइकांत कुठेही कप खळ्ळकन फुटला की बाकीचे हळहळतात आणि साडू खिशातून रुमाल काढतात. एकदा तीर्थपुरीला एका बारशात चहाचा भरला ट्रे कुणाच्या तरी हातून सुटला. यजमानीणबाई डोळ्याला पदर लावून उभ्या, आणि साडू जमिनीवर बसून एकेक तुकडा निरखून गोळा करताहेत. पाहुण्यानं स्वतः खाली बसून काचा उचलाव्यात याचं त्या घराला इतकं अप्रूप वाटलं, की साडोबा फार सेवाभावी गृहस्थ आहेत असा तीर्थपुरीत आजही समज आहे. आम्ही तो मोडलेला नाही.

पाणी शंभर अंशांवर उकळतं, असं त्यांच्यासमोर कुणी म्हणू नये. "ते समुद्राकाठचं झालं," ते शांतपणे सांगतात. "आपलं पाणी त्याच्या आधीच उकळून राह्यलंय. आपण उंचावर आहोत." हे सांगताना त्यांचा चेहरा असा असतो, की जणू जिल्हा त्यांनीच खांद्यावर घेऊन वर नेऊन ठेवला आहे. माणसांनाही ते हीच परीक्षा लावतात. शुद्ध माल एकाच जागी उकळतो, भेसळीचा आकडा चढत जातो, हे त्यांचं जीवनविषयक तत्त्वज्ञान. पुतणीला बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांना त्यांनी विचारलं, "मुलाला राग कशानं येतो?" वडील कौतुकानं म्हणाले, "याला रागच येत नाही." पाहुणे गेल्यावर साडूंनी निकाल दिला, "ज्याचा आकडाच लागत न्हाई, तो माल घ्यायचा न्हाई." उलट ताईंबद्दल त्यांना फार आदर आहे. "ओला टॉवेल पलंगावर दिसला की उकळते. रोज तिथंच. बिलकुल शुद्ध."

त्यांचा एक नियम मात्र मला पाठ आहे, कारण तो मी मोडून बघितला. खडा टाकायचा तो द्रव गार असताना. तापल्यावर टाकला की सगळं एकदम उसळून अंगावर येतं.

झालं असं, की माझ्या सासूबाईंच्या निळ्या फुलांच्या कपांपैकी एकच कप उरला होता. सासूबाई गेल्यावर दोघी बहिणींनी तो वाटून घेतला, म्हणजे एक वर्ष ताईंकडे, एक वर्ष आमच्याकडे. दिवाळीत तो घर बदलायचा. यंदा आमच्याकडे यायच्या आठवडाभर आधी धुताना त्याचा कान निघाला. ताईंनी चिकटवून घेऊ म्हणून तो ओट्यावर बाजूला ठेवला. साडूंनी तो ओट्यावर पाहिला, रुमालात बांधला आणि एमआयडीसीत नेऊन हातोडीनं फोडला. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "काय खडे निघाले त्याचे! जुनी माती. इतकी संथ उकळी मी आजवर बघितली न्हाई."

ताई रडल्या. माझी बायको फोनवर त्यांना म्हणाली, "आईची एक वस्तू तुला सांभाळता आली नाही." ताईंनीही मग वर्षानुवर्षांचं काहीबाही काढलं आणि फोन बंद झाला. दिवाळी आली आणि गेली, कुणी कुणाकडे फिरकलं नाही. जिच्याशी रोज बोलल्याशिवाय हिची भाजी फोडणीला पडत नसे, तिचं नावही घरात निघेना. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी एकदा समजुतीनं म्हणालो, "अगं, तसाही त्याचा कान निघालाच होता." पुढचे काही दिवस मी खानावळीत जेवलो. साडूंना सांगितलं तर म्हणाले, "तापल्यावर टाकला न तुम्ही? मंग उसळणारच. जल्दी करू नका, साडूभाऊ. गार होऊ द्या."

थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी सकाळी ते मोटारसायकलवर आले. मागे ताई. दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता बसल्या. साडूंनी खिशातून एक छोटी बरणी काढून मधोमध ठेवली. आत चिनीमातीचे तुकडे होते, प्रत्येकावर एकेक निळं फूल.

"खड्याला आतली कोरी माती लागते," ते म्हणाले. "झिलईवर बुडबुडा बराबर धरत न्हाई. हे फुलांचे तुकडे लॅबच्या कामाचे न्हाईत. पहिल्याच दिवशी धुऊन बाजूला ठेवल्ते."

"मग तेव्हाच का नाही दिले, दाजी?" बायकोनं विचारलं.

"तव्हा तुम्ही दोघी तापलेल्या होत्या." त्यांनी बरणी तिच्याकडे सरकवली. "माझं चुकलंच. मामींचा कप होता, मी फक्त माती बघितली." सासूबाईंना ते मामी म्हणत.

ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं. गॅस पेटवायच्या आधी बायकोनं मागून येऊन बरणीतला एक तुकडा गार पाण्यात सोडला. दूध घातलं, उकळी आली, आणि सगळा चहा ओट्यावर उतू गेला. दोघी एकाच फडक्यानं ओटा पुसत होत्या. हसत होत्या की रडत होत्या ते मला बाहेरून कळलं नाही, पण घरात पुन्हा दोघींचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"म्हणलं न्हवतं का," साडू बाहेरून म्हणाले, "झिलईचा उपयोग होत न्हाई."

उपयोग अजूनही होत नाही. आमच्याकडे चहा अधूनमधून उतू जातोच. पण सकाळी पाणी तापू लागलं की भांड्याच्या तळाशी तो तुकडा किणकिणायला लागतो, आणि बायको गॅस जरा बारीक करून ऐकत उभी राहते.