निळा दोरा, काळा दोरा आणि बारा वॅटचा दिवा

आमची सूनबाई रफू करते. कसं म्हणाल? उंदरानं कुरतडलेला कोट तिच्याकडे द्या; नंतर खुद्द उंदीर शोधायला आला तरी त्याला जागा सापडायची नाही.

तिची बसायची खोली आतली, बिनखिडकीची. भर दुपारीही डोक्यावर शंभर वॅटचा पिवळा बल्ब. मेला वीजही खायचा आणि पोरीचं डोकंही भाजायचा. शिवाय पिवळ्या उजेडाचा भरवसा नाही, म्हणून ती प्रत्येक दोरा दारात नेऊन उन्हात कापडाशी जुळवायची. दिवसाला चाळीस फेऱ्या!

मला आली दया. गेलो आणि दुकानातला सगळ्यांत स्वस्त एलईडी बल्ब घेऊन आलो. लावला, तर खोली दुधानं धुतल्यासारखी! "बाबा, आता दारात जायला नको," सूनबाई खूश. आठवडाभर मी मिशीला पीळ देत फिरलो.

आठव्या दिवशी एक बसड्रायव्हर आपला निळा कोट न्यायला आला. शनिवारी त्याच्या निवृत्तीचा समारंभ. त्यानं कोट दारात उन्हात धरला. "बाई, खिशावर माशी बसलीय का?"

माशी कसली, रफू होतं! गडद निळ्या कापडावर काळा दोरा. आमच्या दुधाळ दिव्याखाली दोन्ही सख्खे भाऊ दिसत होते. सतरा वर्षांत तिच्या हातून असं पहिल्यांदाच झालं. "शुक्रवारी या," एवढंच ती बोलली.

मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. तिनं निळं आणि काळं रीळ पिशवीत टाकलं. "चला बाबा, दिवा बघायला."

दुकानदारानं विचारलं, "किती वॅटचा देऊ?"

"वॅटचं मागाहून. या दोन दोऱ्यांतला फरक दाखवेल तो द्या."

तो एकेक बल्ब लावायचा, ही खाली रिळं धरायची आणि मान हलवायची. सहाव्या बल्बला बिचारा घामाघूम. "ताई, मुलीला स्थळं बघताना तरी एवढी चौकशी करता का?"

"मुलगी रुसून आली तर घरात घेता येते, दादा. गिऱ्हाईक रुसलं तर येतच नाही."

सातव्याखाली निळा निळा दिसला, काळा काळा. खोक्यावर वॅट बारा. मी म्हणालो, "अगं, शंभराचं काम बारा कसं करील?"

"वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. उजेडाचा आकडा वेगळा, हा बघा, ल्युमेन. रंग खरे दाखवण्याचा आणखी वेगळा. खाण्यावरूनच काम मोजायचं तर बाबा, आपल्या घरात तुम्हीच सगळ्यांत जास्त राबता!"

दुकानदार हसून हसून स्टुलावर बसला. आता त्यानं स्वतःच तशी दोन रिळं गल्ल्याजवळ टांगून ठेवलीत.

शुक्रवारी ड्रायव्हर आला. कोट उन्हात नेला, चष्मा चढवला, खिसा चाचपला, उलटा करून पाहिला. मग माझ्याकडे संशयानं बघत म्हणाला, "आजोबा, हा माझाच कोट आहे ना?"

"आतल्या खिशात कंगवा आहे," मी छाती फुगवून म्हणालो. "तो तुमचा असेल, तर कोटही तुमचाच!"