धुळ्याच्या स्थानकावर उठताना

जळगावात मेहरूणच्या घरून सकाळी निघालो, तेव्हा मुलाने एकच अट घातली. वाटेत कोठे पडलो, तर एकट्याने प्रवास बंद. मी मान्य केली. पिंपळनेरला थोरली बहीण असते. गुडघ्यांमुळे तिचे येणे थांबले आहे; मी गेलो नाही, तर भेट नाही.

रक्तदाब मला जुनाच आहे. अलीकडे पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) वाढून लघवी अडखळू लागली, म्हणून डॉक्टरांनी नवी गोळी दिली. पहिली गोळी रात्री निजताना घ्या, उठताना सावकाश उठा, असे त्यांनी बजावले होते. मी शहाणपण केले. बसमध्ये अडचण नको म्हणून ती सकाळीच रक्तदाबाच्या गोळीबरोबर घेतली. शिवाय प्रवासात पाणी न पिण्याची आमच्या पिढीची रीतही पाळली.

एरंडोल, पारोळा मागे पडले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. धुळ्याला गाडी थांबताच मी नेहमीसारखा ताडकन उठलो. डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी दोन बाकांच्या मधे पडलो.

"बठा, आबा, बठा! उठानं नहीं!" मागच्या बाकावरची एक बाई होती, साक्रीकडे कापूस वेचायला चालली होती. तिने माझे डोके आपल्या गाठोड्यावर टेकवले. "मना सासराले बी आशीच चक्कर येस (माझ्या सासऱ्यांनाही अशीच चक्कर येते). इतली काय घाई शे तुमले?"

तिच्या बाटलीतले पाणी प्यालो. साक्रीपर्यंत तिच्या शेजारीच बसलो. तिथे ती उतरली. नाव विचारायचे राहिले.

पिंपळनेरला अक्काने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि भरीत वाढले. ऐकून म्हणाली, "भाऊ, जन्मभर शाळेत पोरांना 'उभा राहा' म्हणत आलास. आता स्वतःला 'बस' म्हण." आणि डॉक्टरांना लावायला फोन माझ्या हाती दिला.

डॉक्टर रागावले नाहीत. नव्या गोळीने मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल पडतात, तशाच रक्तवाहिन्याही. एकदम उठले की दाब उतरतो, असे त्यांनी समजावले. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका, नवी उद्या रात्री घ्या, आणि गावातल्या दवाखान्यात बसून व उभे राहून दाब मोजून घ्या, म्हणाले. तसे केले. तीन दिवस राहिलो.

परतताना जळगावला गाडी रिकामी झाली, तरी मी बसून होतो.

"आबा, उतरायचं नाही का?" वाहकाने विचारले.

"उतरायचे आहे. उठतो आहे."

खाली मुलगा उभा होता. त्याने काही विचारण्याआधीच मी सांगितले, "धुळ्याला पडलो. चूक माझी."

त्याने माझी पिशवी घेतली, आतली बाटली वर काढून पाहिली. ती रिकामी होती. सगळे पाणी मी वाटेत प्यालो होतो.

"पुढच्या वेळी मोठी बाटली न्या," तो म्हणाला.